मदत हवी: खानापुरात कॅफे, नववा महिना, जुलैत गल्ला निम्म्यावर. दसऱ्यापर्यंत तगायचं कसं?

मलप्रभेकाठ

नमस्कार मंडळी. पुण्यातली सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी सोडून गेल्या नोव्हेंबरात बेळगावजवळच्या खानापुरात कॅफे सुरू केलाय. धीर देणारे पुष्कळ भेटले, आता आकड्यांवर बोलणारं माणूस हवंय. म्हणून सगळं उघडं मांडते.

जागा ४५० चौरस फूट, २४ खुर्च्या, सकाळी ९ ते रात्री ९. भाडं १४,०००. दोन मुलं कामाला, दोघांचा पगार मिळून २४,०००. वीज ८,५००. सरकारच्या मुद्रा योजनेतलं (किशोर गट) ५ लाखांचं कर्ज, ११ टक्के, तीन वर्षं, हप्ता १६,४००. आठ हप्ते फिटले. इंटरनेट, बिलिंग, पाणी, किरकोळ मिळून ३,६००.

रोजची सरासरी विक्री: नोव्हेंबर ते मार्च ६,३००, एप्रिल-मे ५,४००, जून ३,६००, जुलै २,९००. माल आणि गॅस धरून खर्च विक्रीच्या ४२ टक्के. मेन्यूत ४७ पदार्थ. बँकेत १,१०,००० शिल्लक आहेत आणि त्यातूनच घरखर्चाला महिना २०,००० जातात.

त्यात पाऊस लागल्यापासून कॉफी कडू लागतेय, एक शॉट, म्हणजे मशीनमधून एका कपाची कॉफी, उतरायला ४० सेकंदांच्या वर लागतायत. म्हशीच्या सुट्या दुधाचा फेस दोन मिनिटांत बसतो. संध्याकाळी वीज गेली की मशीन बंद, गिऱ्हाईक परत.

दसऱ्यापर्यंत टिकणं शक्य आहे का? आधी काय कापू? आणि थांबायचंच असेल तर ते कधी ठरवायचं?

हिशेबनीस

ताई, आकडे दिलेत हे फार चांगलं केलंत. बेरीज करू.

भाडं, पगार, वीज, हप्ता, किरकोळ मिळून ठरलेला खर्च ६६,५००. शंभराच्या विक्रीत माल-गॅस गेल्यावर ५८ उरतात. ६६,५०० भागिले ०.५८ म्हणजे १,१४,६५५, रोजचे ३,८२२. एवढी विक्री झाली तर दुकान स्वतःचं स्वतः फिटतं. जुलैत विक्री ८७,०००, त्यातले उरले ५०,४६०, तूट १६,०४०. घरखर्च धरला की दरमहा ३६,०४० गंगाजळीतून जातात. तुमच्याकडे तीन महिने आहेत, म्हणजे दसरा जेमतेम.

खर्च कापायचा म्हटलं की सगळ्यांची नजर आधी मुलाच्या पगारावर जाते. तो शेवटी. नोव्हेंबरात गर्दी परतेल तेव्हा शिकलेला हात मिळणार नाही. तुमच्या आकड्यांत दोन जागी पैसा अडकलाय: हप्त्यात आणि मालात.

हप्ता: एकही हप्ता चुकायच्या आत शाखेत जा आणि मुदत वाढवून मागा. थकबाकी ९० दिवसांपुढे गेली की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं, आणि त्याआधीच्या ३० आणि ६० दिवसांच्या टप्प्यांचीही नोंद होते. खातं स्वच्छ असताना मागितलं तर मॅनेजर ऐकून घेतो. आठ हप्त्यांनंतर मुद्दल सुमारे ४ लाख उरलंय. ते २८ महिन्यांऐवजी ४८ महिन्यांवर नेलं तर हप्ता साधारण १०,३०० होतो, महिना ६,१०० सुटतात. बदल्यात पुढच्या चार वर्षांत व्याज ३८,००० च्या आसपास जास्त जाईल. महाग आहे, पण आता तुम्हाला वेळच विकत घ्यायचाय. अर्ज लेखी द्या, सोबत महिनावार विक्रीचा कागद जोडा. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

माल: कॅफेत ४२ टक्के जास्त होतात, ३४ वर आणता येतात. प्रत्येक पदार्थाची चिठ्ठी लिहा, ग्रॅममध्ये. कॅपुचिनो: बिया १८ ग्रॅम, किलो १,१०० ने १९.८० रुपये, दूध १५० मिली ८.४०, साखर-टिश्यू २. झाले ३० रुपये. ९० ला विकलात तर ३३ टक्के. आता आइस्क्रीम घातलेली कोल्ड कॉफी: दूध २०० मिली ११.२०, आइस्क्रीम २०, कॉफी १०, सिरप ६, ग्लास-स्ट्रॉ ५. झाले ५२, आणि विकणार १०० ला. खपते म्हणून लाडकी असते, पण अर्धा पैसा तीच खाते. भाव १२० करा किंवा आइस्क्रीम सोडून बर्फावर न्या.

मग ४७ पदार्थांची गेल्या तीन आठवड्यांची बिलं काढा. जो जिन्नस फक्त एकाच पदार्थाला लागतो आणि तो पदार्थ आठवड्यात पाचापेक्षा कमी खपतो, तो पदार्थ आणि तो जिन्नस दोन्ही बाद. पास्ता सॉस, ऑलिव्ह, फ्रेश क्रीम यांची फोडलेली पाकिटं फ्रीजमध्ये मरतात, तो तोटा बिलात कधी दिसत नाही. १६ ते १८ पदार्थ पुरे.

हप्ता १०,३०० आणि माल ३४ टक्के धरून पुन्हा गणित: ६०,४०० भागिले ०.६६, महिना ९१,५१५, रोज ३,०५०. तुम्ही आज २,९०० वर आहात. बघा की, दरी केवढीशी राहिली.

घरखर्च मात्र गल्ल्यातून काढू नका. दुपारी १ ते ४ ची विक्री तासावार काढून बघा. नगण्य असेल तर ते तीन तास टेस्टिंगचं सुटं काम घ्या. जुन्या धंद्यातलं कसब पावसाळ्यापुरतं वापरलं तर त्यात हार नाही, जूनला पेरणी आणि रिकाम्या महिन्यांत मजुरी करणारा शेतकरी हेच करतो.

वाफ_आणि_दाब

मशीनकडे वळू. शॉट ४० सेकंदांवर गेला म्हणून लगेच ग्राइंडर फिरवू नका. अडथळा दळलेल्या कॉफीच्या पुडीत आहे की मशीनमध्ये, ते आधी ठरवा.

हँडल न लावता ग्रुपखाली (जिथून पाणी उतरतं ते मशीनचं तोंड) मापाचं भांडं धरा, १० सेकंद पाणी सोडा आणि मिली मोजा. बसवताना मेकॅनिकने हा आकडा लिहून ठेवला असेल तर ताडून बघा. पाणी पूर्वीइतकंच आलं तर दोष पुडीचा. कमी आलं तर वाट तुंबलीय: एक तर ग्रुपची जाळी कॉफीच्या तेलाने भरली, नाहीतर आतल्या बारीक छिद्रात क्षार बसला. जाळी मधला स्क्रू काढून घरी साफ होते, क्षार मेकॅनिकचं काम.

रोज रात्री बिनछिद्रांची वाटी लावून बॅकफ्लश, म्हणजे पाणी उलटं फिरवून आतली सफाई: १० सेकंद चालू, १० सेकंद बंद, पाच वेळा, नुसत्या पाण्याने. आठवड्यातून एकदा त्यासाठीची पावडर घालून, आणि त्यानंतर पाच वेळा साधं पाणी. पहिले दोन शॉट टाकून द्या.

पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजला का? बोअरचं जड पाणी बॉयलरमध्ये चुना करतं. पण आरओ लावून २०-३० वर आणलंत तरी बिघाड, कारण बॉयलरमधली पातळी ओळखणारी सळई पाण्यातल्या क्षारांमुळेच वीज पकडते. पाणी फार मऊ झालं तर सळईला ते दिसतच नाही, बॉयलर भरतच राहतो. ७५ ते १५० च्या मध्ये ठेवा, आरओला टीडीएसचा नॉब असतो.

व्होल्टेजही बघा. पावसात ते पडतं. २३० ला ३,००० वॅट देणारी कॉइल १९० ला सुमारे २,०५० च देते, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. मग वाफ ढिली पडते, दूध नीट फिरत नाही. मशीनला वेगळी लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तार आणि स्वतःचा एमसीबी असायलाच हवा. हेस्कॉमकडे (वीज कंपनी) मंजूर लोड किती आहे तेही बिलावर तपासा.

दूध: फेस प्रोटीनवर उभा राहतो, म्हशीच्या दुधातल्या जास्त स्निग्धाने जड होऊन बसतो. कॅपुचिनोला ३ ते ४.५ टक्के फॅटचं पाकिटातलं दूध, फ्रीजमधून थेट ४ अंशांवर काढलेलं, आणि ६०-६५ अंशांवर वाफ बंद. एकदा तापवलेलं दूध परत फेसाळत नाही, मग पोरं अजून वाफ मारतात आणि दूध करपट होतं. म्हशीचं दूध चहाला आणि फिल्टर कॉफीला ठेवा, तिथे ते सोनं आहे.

मलप्रभेकाठ

काका, लगेच मोजलं. मेकॅनिकच्या कागदावर १० सेकंदांना ९५ मिली लिहिलंय, आज ६२ आलं. जाळी उतरवली तर मागे डांबरासारखा काळा चिकट थर, नखाने खरवडून निघेना. गरम पाणी आणि पावडरमध्ये २० मिनिटं बुडवून ब्रशने घासली. परत मोजलं, ९०. शॉट ३३ सेकंदांवर आला, कडूपणाही बराच गेला. टीडीएस ११०.

वाफ_आणि_दाब

झ्याक. मग क्षार नाही, तेल होतं. ३३ वर जो उरलाय तो पावसाळा. पुडी आणि बिया दमट हवेत ओल धरतात, गुठळी होते, पाणी अडतं. हॉपरमध्ये (ग्राइंडरवरचा बियांचा डबा) दोन तासांपुरत्याच बिया टाका, बाकी घट्ट डब्यात. ग्राइंडर एकच घर जाड करा, तीन शॉट टाका, मग ठरवा. १८ ग्रॅम आत, ३६ ग्रॅम बाहेर, २५ ते ३० सेकंद. वजनकाटा मशीनशेजारीच राहू द्या. भर पावसात आणि उघडीप पडली की अशा दोन्ही दिवशी सेटिंग वेगळं लागतंय, म्हणून सकाळचा पहिला शॉट मोजल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचा नाही.

कुंदा_आणि_कॉफी

वीज गेल्यावर गिऱ्हाईक परत जाणं थांबवायला स्टीलचा मोठा फिल्टर घ्या. ५० ग्रॅम पूड, कॉफी-चिकोरी ८०:२०. हलकं दाबून ३०० मिली उकळतं पाणी ओता. पूड दुप्पट पाणी पिते, म्हणून २०० मिली डिकॉक्शन (कॉफीचा अर्क) खाली उतरतं. कपाला ३० मिली डिकॉक्शन आणि ९० मिली गरम दूध, साधारण सात कप होतात. मालखर्च १०-११ रुपये, ३० ला द्या. गॅस आणि मेणबत्तीवर चालणारा धंदा आहे हा. डिकॉक्शन सकाळचं संध्याकाळी वापरू नका, वास उडतो.

आणि सकाळी ९ ला कशाला उघडता? बेळगावला नोकरीला जाणारी माणसं त्याआधीच स्टेशनला आणि स्टँडला असतात. एका मुलाची पाळी ७ ते ३ करा, कागदी कपात फिल्टर कॉफी आणि चहा, दुसरं काही नको. दुसऱ्याची १ ते ९.

पावसाळी पाटीवर चारच ओळी: मिरची भजी, गिरमिट (मसाला चुरमुरे), थालीपीठ, बेळगावचा कुंदा (खव्याची मिठाई). कुंदा ४० ग्रॅमच्या वाटीत, किलोत २५ वाट्या. कमी आणा, फ्रीजमध्ये ठेवा, या हवेत बाहेर राहिला की बुरा येतो. श्रावणात साबुदाण्याची खिचडी घ्या, मिरच्या आणि दाणे तर भजी-गिरमिटाला घरात असतातच.

सीमेपलीकडचा_अलीकडचा

थोडं कागदपत्रांचं. दुकानाच्या नावाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात, हा कर्नाटकाचा २०२४ चा दुरुस्ती कायदा. खाली मराठी ठेवता येतं. मेन्यू तिन्ही भाषांत करा, कित्तूर-नंदगडकडून येणाऱ्याला वाचता आला पाहिजे. एफएसएसएआयचा (अन्नपरवान्याचा) १४ आकडी नंबर गल्ल्याजवळ दिसेल असा लावा.

जीएसटीचं जपा. सेवेची मर्यादा वर्षाला २० लाख, हिशेब एप्रिल ते मार्च. तुमच्या आकड्यांनी हे वर्ष १८ लाखांच्या आसपास जाईल, हिवाळा चांगला गेला तर ओलांडेल. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून चहा-बेकरीवाल्यांना नोटिसा गेल्या होत्या, आठवत असेल. घरच्यांचे, भिशीचे पैसे दुकानाच्या क्यूआर कोडवर घेऊ नका, खातं वेगळं ठेवा. ओलांडायची वेळ आली तर कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठीची सोपी योजना) आणि साधी नोंदणी दोन्हीला ५ टक्केच. फरक एवढा की कंपोझिशनमध्ये तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, तुमच्या भावातूनच जातो.

मलप्रभेकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी बँकेत जाते. थांबायचं कधी, याचं उत्तर राहिलंय.

हिशेबनीस

ते आजच लिहून ठेवा, कारण तूट अंगावर आली की मन आकडे फिरवतं. रेषा अशी धरा: नोव्हेंबरचे पहिले चार आठवडे. रोजची सरासरी ४,२०० च्या वर गेली तर चालू, कारण त्यात दुकान फिटून घराला महिना २०,००० सुटतात. ३,०५० ते ४,२०० असेल तर टेस्टिंगचं काम जोडीला ठेवून मार्चपर्यंत. ऐन हंगामात ३,०५० च्या खाली राहिली तर चालू दुकान म्हणून विकायला काढा. मशीन, फ्रीज, टेबलं सुटी विकण्यापेक्षा चालत्या दुकानाला भाव बरा येतो, म्हणून बंद करून मग गिऱ्हाईक शोधू नका. त्याआधी शिल्लक ४०,००० वर आली तरी हाच निर्णय. दोन पगार आणि एक हप्ता एवढं देऊन बाहेर पडता आलं पाहिजे.

एक तुम्ही लिहिलंच नाही. नोव्हेंबरचा करार ११ महिन्यांचा असेल तर सप्टेंबरअखेर संपतोय. नवा करताना सूचनेची मुदत एक महिना आणि लॉक-इन (ठरलेल्या काळाआधी जागा सोडायला बंदी) नको, हे आधी बोला. आणि जून ते सप्टेंबर भाडं ११,०००, बाकीचे महिने १४,००० असं मागून बघा. तीन हजार सुटले तर पावसाळ्यात रोजचे २,९०० पुरतात, म्हणजे आजचीच विक्री. मालकाकडे जाताना नोव्हेंबरपासूनची महिनावार विक्री एका पानावर छापून न्या. भाडं कधी थकलं नाही ही ओळ सगळ्यात वर घाला, आणि हे बोलणं गणपतीच्या आधी उरका.