लंचटाइम चेंबर रिसायटलला आपल्या भाषेत काय म्हणायचं?

जाणकारांनो, एक शब्द पाहिजे. म्हणजे खरं तर तीन शब्द जोडून झालेला एक प्रकार आहे (मोजक्या कलाकारांचा, दुपारी जेवणाच्या वेळेतला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा छोटा कार्यक्रम), त्याला मराठीत नीट काय म्हणावं ते पाहिजे.

मी परभणीचा. २०२० च्या जूनमध्ये सगळं बंद होतं तेव्हा मोबाइलवर बीबीसी रेडिओ थ्री, म्हणजे तिकडचं शास्त्रीय संगीताचं रेडिओ केंद्र, लावायची सवय लागली. लंडनच्या विगमोर हॉलमधून सोमवार ते शुक्रवार दुपारी एक वाजता लाइव्ह कार्यक्रम, साधारण साडेपाचशे खुर्च्यांचा हॉल आणि समोर श्रोते नाहीत, वाजवणारे एक किंवा दोघं. १ जूनला पहिला झाला, स्टीफन हफ यांचा पियानो. शेवटचा सूर विरतो आणि टाळी येतच नाही, नुसती शांतता, आणि आपण इकडं कानाला फोन लावून बसलेलो. तेव्हापासून हे वेड लागलंय.

आता तिथला दुपारचा एक म्हणजे आपले साडेपाच (हिवाळ्यात साडेसहा, कारण ते लोक ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळ तासभर मागं घेतात). आई ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती, म्हणाली काय ऐकायलास रे? मी म्हणलं लंचटाइम चेंबर रिसायटल. ती म्हणाली जेवण तर कवाच झालं की. आणि चेंबर म्हणलं की आमच्याकडं एक तर ड्रेनेजचं नाही तर वकीलसाहेबांचं. तिला दोन वाक्यात सांगता आलं नाही आणि मला ते फार लागलं. जी गोष्ट रोज ऐकतो ती आईला आपल्या भाषेत सांगता येऊ नये?

माझं मत आधी सांगतो. ‘कक्षसंगीत’ असा शब्द वाचलाय पण मनाला पटत नाही. कक्ष म्हणलं की नियंत्रण कक्ष, अतिदक्षता कक्ष आठवतो, तिथं कुणी गाणं ऐकायला जात नाही. माझं म्हणणं आहे की ‘बैठक’ हाच शब्द. चेंबर म्युझिकचं मूळ इटालियन नाव ‘म्युझिका दा कामेरा’, कामेरा म्हणजे खोली (आपला फोटोचा कॅमेराही त्याच घरातला, अंधाऱ्या खोलीवरून आलेला). तिकडं जुन्या काळी वाटणीच होती, हे चर्चचं संगीत, हे थेटरचं, हे खोलीतलं. आपल्याकडं बघा, देवळातलं कीर्तन-भजन, थेटरातलं नाट्यसंगीत आणि बैठकीचं गाणं! आणि आपल्या मराठवाड्यात घराच्या पुढच्या खोलीलाच बैठक म्हणतात ना, पाहुणा आला की ‘बैठकीत बसा’. म्हणजे खोलीचं नावही तेच आणि तिथं होणाऱ्या गाण्याचं नावही तेच. चेंबरमध्ये जे झालंय ते हुबेहूब इथं आधीच झालेलं आहे. मैफलही चालेल पण तो अरबी महफिलवरून आलेला शब्द, त्यात जमलेली माणसं आहेत, खोली नाही.

तुम्हाला काय वाटतं?

नांदेडहून

बैठक शब्द गोड आहे पण माझा एक आक्षेप आहे आणि तो मोठा आहे. आपल्या बैठकीत मधी एक कलाकार असतो आणि बाकीचे साथीला. तबला साथीला, पेटी साथीला, मागं तंबोरे. चेंबर म्युझिकचा सगळा जीव ह्याच्या उलट आहे. स्ट्रिंग क्वार्टेट घ्या, म्हणजे चार तंतुवाद्यांचा संच, दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो, चौघांची ओळ वेगळी लिहिलेली, एका ओळीला एकच माणूस, पुढं काठी हलवणारा कुणी नाही. हायडन ह्या संगीतकारानं अशा संचासाठी ६८ रचना लिहिल्यात. जर्मन कवी गटेनं १८२९ मध्ये एका पत्रात म्हणलं होतं की चार समजदार माणसं आपसात बोलताना ऐकतोय असं वाटतं. बैठक म्हणलं की ऐकणारा विचारणार, गाणार कोण? आणि क्वार्टेटला ‘चौकडी’ म्हणू नका हात जोडून विनंती, चौकडी म्हणलं की पुढं चांडाळ येतंच.

मूळ लेखक

आक्षेप मान्य आहे, एकदम मान्य. पण जुगलबंदीही बैठकीतच होते ना? तिथं दोघं बरोबरीचे असतात. बैठक हे जागेचं आणि ऐकण्याच्या जवळिकीचं नाव आहे, आत कोण किती मोठा ते त्या शब्दात नाही, ते आपल्या सवयीत आहे असं मला वाटतं. साथीचा मुद्दा मात्र डोक्यात राहील. व्हायोलिन-पियानो सोनाटात (ह्या दोन वाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेत) पियानोवाला साथीदार नसतो, बीथोवननं तर ह्या सोनाटांच्या नावात पियानो आधी आणि व्हायोलिन नंतर असं घातलेलं आहे.

लातूरहून

चेंबरवर बोला पण रिसायटल सोडू नका, खरी गंमत तिथं आहे. रिसाइट म्हणजे पाठ म्हणणं, मोठ्यानं वाचणं. लिस्ट ह्या पियानोवादकानं १८४० मध्ये लंडनला आपल्या पियानोच्या कार्यक्रमाला ‘रिसायटल्स’ म्हणून जाहिरात केली तेव्हा तिथले लोक बुचकळ्यात पडले होते, पियानोवर पाठ कसा म्हणणार म्हणून. आपल्याला ह्यात काहीच वावगं वाटू नये. आपण गाणं म्हणतो! लहान पोराला पाहुण्यांपुढं उभं करून काय सांगतो, ‘गाणं म्हण’. कविता पण म्हण, पाढे पण म्हण, आरती पण म्हण. बोलणं आणि गाणं एकाच क्रियापदात बसवणारी भाषा आहे ही. फक्त वाजवण्याला ‘म्हणणं’ लागत नाही ही अडचण आहे, म्हणून वाद्य असेल तर ‘एकल वादन’ आणि गळा असेल तर सरळ ‘गायन’. दोन्हीला मिळून एक शब्द शोधायच्या भानगडीत पडू नये असं माझं मत.

सेलूहून, शेतकरी

मला पियानोतलं काही कळत नाही पण ब्रॉडकास्ट शब्दावर बोलायचा हक्क आमचा आहे. रेडिओ यायच्या कितीतरी आधी इंग्रजीत तो शेतीचा शब्द होता. ब्रॉडकास्ट म्हणजे बी मुठीनं रानभर फोकणं. तिफणीनं पेरतो तेव्हा चाड्यावर मूठ धरावी लागते, बी नळ्यातून बरोबर तासातच पडतं. फोकलं की बी कुठं पडंल ते आपल्या हातात नाही, सगळीकडं पडतं. रेडिओचं तसंच आहे, फोन म्हणजे तिफण आणि रेडिओ म्हणजे फोकणं. म्हणून मला ‘प्रक्षेपण’ आवडत नाही, त्यात नुसतं फेकणं आहे, अग्निबाणाचंही प्रक्षेपणच म्हणतात. ‘प्रसारण’ बरं, पसरणं आहे त्यात. लंडनला कुणीतरी मूठ मारली आणि एक दाणा परभणीत उगवला, असं झालंय तुमचं.

मूळ लेखक

दादा, हे वाचून अंगावर काटा आला. इतकी वर्षं रेडिओ ऐकतो, हे कधी सुचलं नाही.

आता उरला लंचटाइम, आणि हा शब्द मला सगळ्यात जास्त जपून भाषांतर करावासा वाटतो कारण त्याच्यामागं एक गोष्ट आहे. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा लंडनमध्ये रात्री दिवे बंद, संध्याकाळचे कार्यक्रम ठप्प. नॅशनल गॅलरीतली चित्रं बॉम्बच्या भीतीनं वेल्सकडं हलवलेली, भिंती उघड्या. मायरा हेस नावाच्या पियानोवादक बाईंनी तिथं दुपारी एक वाजता संगीत सुरू केलं, १० ऑक्टोबर १९३९ ला, पहिल्या दिवशी त्या स्वतःच वाजवायला बसल्या. तिकीट एक शिलिंग. ऑफिसातली माणसं, सुट्टीवरचे सैनिक, सँडविच खात येऊन बसायचे. एप्रिल १९४६ पर्यंत चाललं, एकूण १६९८ कार्यक्रम झाले. म्हणजे लंचटाइम ही नुसती वेळ नाही. काम थांबवून, डबा उघडायच्या त्या तासात ऐकायचं, अशी ती कल्पना आहे. ‘माध्यान्ह संगीत’ म्हणलं तर हे सगळं पुसून जातं, तो पंचांगातला शब्द वाटतो. रानात रोजगारी बाया दुपारी झाडाखाली भाकरीचं गाठोडं सोडून बसतात, त्या वेळेला जे म्हणाल ते पाहिजे. ‘मधली सुट्टी’ मनात आलं होतं.

अंबाजोगाईहून

मधली सुट्टी शाळेची. कचेरीत आणि रानात ‘जेवणाची सुट्टी’. मी तेच वापरेन.

पण एक सांगू का, आपल्याकडं दुपारचं गाणं म्हणजे वेळ भरायचं गाणं नव्हे, दुपारचे राग वेगळे आहेत. मैफली बहुतेक रात्रीच्या, त्यामुळं सारंग प्रत्यक्ष ऐकायला फार कमी मिळतो. मला शुद्ध सारंग, वृंदावनी सारंग, गौड सारंग हे सगळे आकाशवाणीनंच दिले. उन्हाळ्यात माळवदाखाली गार अंधार, बाहेर ऊन टळटळीत, आणि रेडिओवर सारंग लागलेला, नंतर भीमपलासी, मुलतानी. तिकडं असा वेळेचा नियम नाही, शूबर्ट ह्या संगीतकाराची हिवाळ्यातल्या प्रवासाची २४ गाणी ते भर उन्हाळ्यात दुपारी एक वाजता लावू शकतात. म्हणून ‘दुपारची बैठक’ असं लिहिलंत तर आपला वाचक सारंगाची वाट बघत बसेल. ‘जेवणाच्या सुट्टीतली बैठक’ लिहिलंत तर फसगत होणार नाही.

मूळ लेखक

हे पटलं. जेवणाच्या सुट्टीतली बैठक. लांब आहे पण पूर्ण आपलं आहे. वादन की गायन ते लातूरकरांच्या सल्ल्याप्रमाणं पुढं वेगळं सांगायचं.

परवा संध्याकाळी आईजवळ बसून दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो असं वाजत असताना तिला सांगितलं, लंडनला जेवणाच्या सुट्टीत बैठक असती, ती आपल्याकडं दिवेलागणीला ऐकू येती. तिला लगेच कळलं. निवडायचं थांबवून थोडा वेळ ऐकलं आणि मग विचारलं, ह्यात मेन कोण हाय आणि साथीला कोण हाय?

नांदेडकर, तुमचा आक्षेप तसाच उभा आहे. मी तिला म्हणलं साथीला कुणी नाही आई, चौघं मिळून. पण ‘चौघं मिळून’ म्हणजे भजनासारखं सगळे एकच म्हणतात असं तिला वाटलं, आणि हे तर चौघं वेगवेगळं वाजवून एक होतात. ह्याला शब्द असेल तर सांगा, मला तिला सांगायचाय.