अनुभव धागा: शेवटपर्यंत काय पाहिलंत, शेवटपर्यंत काय खेळलात?

मधल्या_सुट्टीतली (धागाकर्ती)

परवा रविवारी दुपारी मी आणि माझा पुतण्या एकाच सोफ्यावर लोळत होतो. माझ्याकडे रिमोट, त्याच्याकडे मोबाईल. दीड तासात मी तीन सिनेमे लावले आणि तिन्ही पंधरा-वीस मिनिटांत सोडले. तेवढ्या वेळात तो एकाच गेमची एकच लेव्हल चौदा वेळा हरला आणि पंधराव्यांदा जिंकला. "काकू, तू सिनेमे बघत नाहीस, नुसती पोस्टरं बघतेस," म्हणाला. कार्टं खरं बोललं.

म्हणून हा धागा. गेल्या काही वर्षांत तुम्ही बसल्या जागेवरून न हलता पाहिलेला सिनेमा किंवा खरोखर मन लावून खेळलेला मोबाईल गेम, याबद्दल लिहा. अर्धवट सोडलेलंही चालेल, पण का सोडलं ते सांगा. समीक्षा नको, तारे नकोत. कोणाबरोबर पाहिलं, कोणाबरोबर खेळलं, हे मात्र हवंच. आणि शेवट फोडू नका, पाप लागेल.

सुरुवात मीच करते. 'बाईपण भारी देवा', जुलै २०२३. आम्ही अकरा जणी, सकाळचा खेळ, सगळ्या नऊवारीत. माझं प्रामाणिक मत सांगू? सहा बहिणींपैकी दोघी-तिघींच्या गोष्टी घाईत गुंडाळल्यात. हे मी बाहेर आल्यावर म्हटलं तर मैत्रिणींनी दोन दिवस ग्रुपवर वाळीत टाकलं. पण मध्यंतरात पॅसेजमध्ये दोन अनोळखी बायकांनी फुगडी घातली आणि सामोशांचा ट्रे डोक्यावर धरून तो पोरगा भिंतीला चिकटून उभा राहिला, ते मी पाहिलंय. घरी सोफ्यावर हाच सिनेमा मी विसाव्या मिनिटाला बंद केला असता.

कुडाळकर

'दशावतार', सप्टेंबर २०२५. आईला घेऊन गेलो. वय ७८, थिएटरात शेवटची गेली त्याला वीसेक वर्षं झाली असतील.

आमच्याकडे दशावतार म्हणजे काय ते घाटावरच्यांना सांगतो. जत्रेत रात्री उशिरा उभा राहतो, पहाटेपर्यंत चालतो. लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि संवाद रंगमंचावर जागच्या जागी बोलायचे. साथीला पायपेटी, पखवाज, झांज. रंगभूषा ज्याची त्याने करायची आणि बायकांची कामं पुरुषांनीच. माझे आजोबा लक्ष्मी करत. सकाळी घरी येत तेव्हा कानाच्या मागे मुर्दाडशिंगाचा, म्हणजे तोंड रंगवायच्या रंगाचा, थर राहिलेला असे. आजी खोबरेल लावून तो बोटाने पुसायची.

सिनेमात दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री पहिल्यांदा तोंड रंगवायला बसला तसा आईने माझा हात धरला. म्हणाली, "हो तर आमच्याच गावातलो दिसता." प्रभावळकरांचं वय तेव्हा ८१. मला उत्तरार्ध जरा ताणलेला वाटला आणि खलमंडळी फारच ठोकळेबाज. सिनेमातला खाणीचा प्रश्न आमच्या दारातला आहे, तो इतका काळा-पांढरा नसतो. आमच्याच वाडीत अर्धे बाजूने, अर्धे विरोधात. पण आईपुढे हे बोलायची सोय नव्हती. ती घरी येईपर्यंत गप्प होती. रात्री जेवताना म्हणाली, "त्याने कानामागे रंग लावलानच नाय. बाबा लावीत." मी काय बोलणार?

मधल्या_सुट्टीतली

कुडाळकर, धाग्याची किंमत वसूल झाली.

लातूरचा_स्नायपर

मी गेमवाला. सिनेमावाल्यांनी नाक मुरडू नये.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमचा पबजीचा, म्हणजे त्या गोळीबाराच्या गेमचा, चौघांचा स्क्वॉड होता. मी लातूर, एक नागपूर, एक मिरज आणि चौथा कुठला ते आम्हाला कधीच कळलं नाही. त्याच्या माइकमधून सतत म्हैस ऐकू यायची. पोचिंकीत, म्हणजे गेममधल्या एका गावात, उतरायचं हा त्याचा हट्ट. उतरायचो, मरायचो. २ सप्टेंबरला बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला सर्व्हरही बंद झाले. त्या रात्री आम्ही चौघे एका घराच्या छतावर बंदुका खाली ठेवून नुसते बसून राहिलो. झोन, म्हणजे गेममध्ये चहूबाजूंनी आवळत येणारं जीवघेणं वर्तुळ, आला आणि सगळे मेलो. म्हैसवाला "बरं मग" एवढंच म्हणाला.

पुढे जुलै २०२१ ला बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतीय अवतार, आला, २०२२ च्या जुलैत स्टोअरवरून गायब झाला, २०२३ च्या मेमध्ये परत आला. परतला तेव्हा अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास आणि बाकीच्यांना सहा तास अशी मर्यादा घालून. आईला ही बातमी मीच मूर्खासारखी वाचून दाखवली. "सहा? सरकारला काही कामं आहेत की नाहीत?" हा तिचा अभिप्राय.

पुण्याच्या सुपरगेमिंगने काढलेला 'इंडस'ही खेळलो, ऑक्टोबर २०२४ मध्ये आल्या आल्या. विरलोक नावाचा मॅप, आपल्याकडच्या शिल्पांसारखी रचना, रंग मस्त. कॉस्मियम नावाचा दुर्मिळ पदार्थ मिळवून जिंकायची कल्पनाही भारी. पण माझ्या जुन्या फोनवर नेमका गोळी झाडताना अडखळायचा. आणि खरं कारण सांगू का? स्क्वॉड नव्हता. नागपूरवाल्याचं लग्न झालं, मिरजवाला बँकेत लागला. म्हैसवाल्याचा आयडी अजून यादीत आहे, 'शेवटचं ऑनलाइन' तेच.

आई_हाक_मारतेय

@लातूरचा_स्नायपर, मी त्या आयांपैकी एक. "जेवायला ये" म्हटलं की "आई, पॉज होत नाही!" हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. सिनेमा थांबतो, क्रिकेटमध्ये ड्रिंक्स होतात, ह्यांच्या गेमला मध्यंतरच नाही. शेवटी मीच मॅच संपायला किती मिनिटं लागतात ते विचारून घेतलं आणि पोळ्या त्या हिशोबाने टाकायला लागले.

आता जरा कडू. धाकट्याने (वय ९) दुसऱ्याच एका गेममध्ये माझ्या फोनवरून खरेदी केली. नाव लिहीत नाही. कार्ड मीच कधीतरी फोनमध्ये जतन करून ठेवलं होतं. बँकेचे मेसेज येत होते, ८९ रुपये, ८९ रुपये, ८९ रुपये. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये. बाहेर येऊन मोजले तर सोळा मेसेज. विचारलं तर म्हणाला, "पैसे कुठे? मी तर हिरे घेतले." तक्रार केली, नऊ दिवसांनी साचेबद्ध उत्तर आलं, पैसे आले नाहीत. त्याला ओरडले, पण घोळ त्या शब्दांतच आहे. रुपयांचे आधी हिरे करायचे, हिऱ्यांच्या पेट्या, पेटीतून काय निघेल ते नशीब. ९ वर्षांच्या पोराने यातून १,४२४ चा आकडा कसा काढायचा? आता खरेदीला पासवर्ड आहे आणि तो त्याच्या बाबांनाही माहीत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

मी सिनेमावर. 'स्थळ', मार्च २०२५. आमच्या शहरात एकच खेळ, तोही सकाळी साडेअकराचा. हाफ डे टाकला. हॉलमध्ये आम्ही नऊ जण, त्यातल्या सात बाया.

सुरुवातच उलटी आहे. मुली बसल्या आहेत आणि मुलाला बोलावून प्रश्न विचारताहेत. पब्लिक हसलं. मीही हसले. मग खरा कार्यक्रम सुरू झाला आणि हसू तिथंच थांबलं. नाव काय, उंची किती, शिक्षण किती. पुन्हा दुसरे पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न, त्याच क्रमानं. सिनेमा टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात गाजून आला म्हणे, पण आमच्या घरात तर तो चार वर्षं चालू होता. मला अकरा जण पाहून गेले. बाबा दर वेळी पाहुण्यांसाठी शेजारच्या काकांकडून दोन खुर्च्या आणायचे. नंतर नंतर काका स्वतःच खुर्च्या आणून ठेवायला लागले, न विचारता. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

कोणी म्हणेल संथ आहे, तेच तेच दाखवलंय. अहो, तेच तेच असतंच ते! माझ्या पुढच्या रांगेतली बाई नाव-उंची-शिक्षण आलं की पुटपुटत स्वतःची उत्तरं देत होती. पाच फूट एक. बी.ए.

सांगली_मेल

+१. त्याच वर्षी आलेला 'साबर बोंडं' (म्हणजे निवडुंगाची फळं) कोणी पाहिला का? सनडान्स चित्रपट महोत्सवाचं मोठं पारितोषिक मिळालेला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा, आणि नातेवाईक दुखवट्यातही "लग्नाचं काय?" विचारतात. माझ्या वडिलांच्या दहाव्याला कावळा शिवायची वाट बघत उभा होतो, तेव्हा मावशीने हाच प्रश्न विचारला होता. सिनेमा दोन पुरुषांच्या प्रेमाचा आहे हे पत्नीला आधी सांगितलं नव्हतं. तिने शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, "निवडुंगाची फळं सोलून देणारा माणूस मिळायला नशीब लागतं." टोमणा मला होता.

गड_किल्ले_वेडा

'छावा'चं नाव कोणीच कसं घेतलं नाही? १४ फेब्रुवारी २०२५, पहिल्या दिवशी पहिला खेळ. विकी कौशलने जीव ओतलाय. शेवटी हॉलमध्ये कोणी उठेना, एका मुलाने गारद म्हटली आणि सगळे उभे राहिले. अंगावर काटा.

तिरकस_तोंडाचा

काटा माझ्याही अंगावर आला, पण सहा-सात वर्षांची मुलं मांडीवर घेऊन ते छळाचे प्रसंग दाखवणारे आईबाप बघून. आणि रहमानचं संगीत त्या काळाशी जुळत नाही, हे माझं मत. महाराजांबद्दल आदर आहेच, तो सिनेमाला आपोआप लागू होत नाही.

गड_किल्ले_वेडा

संगीताचं मान्य. मुलांचंही… मान्य. माझा भाचा त्या रात्री झोपला नव्हता.

मधल्या_सुट्टीतली

या धाग्यावर दोन माणसं वाद घालून एकमत झाली, तारीख लिहून ठेवा.

पाचवा_जीव

मी ६४ वर्षांची, कँडी क्रशची जुनी रोगी. त्यात पाच जीव मिळतात, संपले की एकेक जीव यायला अर्धा तास थांबायचं. सुनेने युक्ती शिकवली: फोनचं घड्याळ पुढे करायचं, गेमला वाटतं वेळ गेला. एका रात्री अडीच तास पुढे केलं, पाची जीव घालवले आणि तशीच झोपले. ह्यांचा गजर माझ्याच फोनवर असतो, साडेपाचचा. हे उठले, अंघोळ केली, स्वेटर-कानटोपी घालून मैदानावर गेले. तिथे चिटपाखरू नाही. कुत्री मागे लागली. घरी येऊन भिंतीवरचं घड्याळ बघतात तर साडेतीन. आजही नातेवाइकांत सांगतात, "हिने एका लेव्हलसाठी मला पहाटे नव्हे, रात्रीच बाहेर काढलं."

ल्युडो किंगही खेळतो, लॉकडाऊनपासून, मुलगी लंडनहून आणि आम्ही इथून. नवी मुंबईत तयार झालेला गेम आहे, हे नातीने सांगितलं. चांगला आहे, पण फासा मोबाईलच टाकतो, त्यामुळे लबाडी करता येत नाही. निम्मी मजा तिथेच गेली.

टीम_लावणारा

एक कबुली. आयपीएलच्या काळात मी पैसे लावून टीम बनवायचे गेम खेळायचो. ४९ रुपयांपासून सुरुवात, तीन मोसमांत किती गेले तो आकडा बायकोला अजून खरा सांगितलेला नाही, इथेही नाही सांगत. मॅच बघणं बंदच झालं होतं. आपला भिडू आउट झाला की भारत जिंकला तरी तोंड कडू. ऑगस्ट २०२५ ला संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले तेव्हा पहिले चार दिवस हात शिवशिवत होते. नंतर आशिया कपच्या फायनलला तिलक वर्माची खेळी बघताना लक्षात आलं, तो माझ्या टीममध्ये आहे का, हे तपासायला मी फोन उचललाच नव्हता.

कागदी_होडी

गेमला शेवटच नसतो असं वाटणाऱ्यांसाठी. 'मॉन्युमेंट व्हॅली' खेळून बघा. जुना आहे, २०१४ चा, पण मी गेल्या वर्षी खेळले. दहाच प्रकरणं. इडा नावाची छोटीशी राजकन्या, आणि बोटाने फिरवले की जिथे वाट नव्हती तिथे वाट होणारे जिने. गुण नाहीत, हिरे नाहीत, घड्याळ नाही. दोन-अडीच तासांत संपला. पुणे-मुंबई ट्रेनमध्ये लोणावळ्याला सुरू केला, दादरला श्रेयनामावली. शेजारच्या आजोबांनी कल्याणपासून माझ्या स्क्रीनवर मान टाकली होती. ठाण्याला उतरायचं होतं त्यांना. उतरले नाहीत.

श्टुटगार्टहून_नाशिककर

उशिरा लिहितोय. मी पोकेमॉन गो खेळतो, तीन वर्षं झाली. त्यात अंडी मिळतात, ती उबवायला चालावं लागतं. दोन किलोमीटरचं, पाचचं, दहाचं.

मागच्या उन्हाळ्यात बाबा तीन महिने इकडे होते. आईनंतर पहिल्यांदाच. घराबाहेर पडायला तयार नव्हते, "कोण ओळखीचं आहे?" म्हणायचे. एका संध्याकाळी मी म्हटलं, बाबा, अंडं फुटायला आठशे मीटर कमी आहेत, चला. आले. दुसऱ्या दिवशी बूट घालून दारात स्वतःच उभे. पोकेमॉनची नावं त्यांना शेवटपर्यंत आली नाहीत. पिवळा, कासव, तो डुकरासारखा, अशीच. पण हिशोब तोंडपाठ. "पाचवालं उद्या सकाळी फुटेल, दहावाल्याला शनिवार." एकदा तळ्याकाठी पाच किलोमीटरमधून अगदी सामान्य काहीतरी निघालं, तर माझ्यापेक्षा तेच जास्त वैतागले. "एवढं चालवलं आणि हे?"

नाशिकला परत गेले. त्यांच्या फोनवर गेम टाकून देतो म्हटलं, नको म्हणाले, डोळे दुखतात. पण रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारतात आणि मग फोन करतात. इथे तेव्हा पहाट असते. हॅलो नाही, काही नाही. "आज माझे चार किलोमीटर झाले. तुझं दहावालं फुटलं का?"