मागच्या ट्यूबलेस चाकाची हवा रात्रीत उतरते. व्हॉल्व्ह बदलू का?

नवशिका_पेडल
मंडळी, वैताग आलाय. माउंटन बाइकचं मागचं चाक, २९ × २.३५, महिन्यापूर्वी घरीच ट्यूबलेस केलं. पुढचं मेकॅनिककडून करून घेतलं होतं, त्याची काही तक्रार नाही. मागच्यात रात्री २४ पीएसआय भरून झोपावं, तर सकाळी ९-१०. टायर नवा, कुठे काटा नाही. भोकं बुजवणारं द्रव सीलंट आधी ८० मिली घातलं, मग आणखी ६०. साबणाचं पाणी लावून बघितलं. टायरवर काही नाही, पण व्हॉल्व्हच्या बुडाशी, नट रिमला टेकतो तिथून बारीक बुडबुडे येतात. नट पकडीने आवळला, तरी तेच.

रविवारी ट्रेलवर जायचंय. दोन अटी आहेत. खर्च एका व्हॉल्व्हचा किंवा रिममधली स्पोकची भोकं झाकणाऱ्या टेपच्या एका रिळाचा, बस्स. आणि "ट्यूब टाका" हा सल्ला नको.

चिखलमामा
ट्यूब टाका.

व्हॉल्व्हवाला
बुडबुडे व्हॉल्व्हपाशी येतायत म्हणजे व्हॉल्व्हच. विषय संपला. माझाही असाच गळत होता, नवा लावला, दीड वर्ष झालं, हूं की चूं नाही. बुडाचं रबर रिमच्या आकाराला बसणारं घ्या. गोल, चौकोनी, निमुळतं असं सगळं मिळतं.

टॉर्कसम्राट
मी असल्या भानगडीत पडतच नाही. नवीन चाकांची जोडीच घेतली, कार्बन रिम, आत फोमचे इन्सर्ट. १८ पीएसआयवर दगडांवरून उतरतो. एकदाच खर्च करा आणि मोकळे व्हा.

नवशिका_पेडल
@टॉर्कसम्राट दादा, अट क्रमांक एक.

टॉर्कसम्राट
वाचली. तरीही सांगतो, स्वस्तातली दुरुस्ती शेवटी महागच पडते.

डोंगरउतार
व्हॉल्व्हवाल्यांना +१. शिवाय कोअर, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतला सुटा होणारा भाग, तपासा. सीलंट सुकून कोअरमध्ये रबराचे गोळे बसतात, मग प्रेस्टा व्हॉल्व्हची पिन नीट मिटत नाही. कोअर काढून पुसा, परत घट्ट करा.

तिरकी_रिम
कोअर गळत असता तर बुडबुडे व्हॉल्व्हच्या टोकाला आले असते. इथे ते नटापाशी आहेत.

नवशिका, घाईने व्हॉल्व्ह घेऊ नका. हवा जिथून बाहेर पडताना दिसते तिथूनच टायरमधून निसटते असं नाही. रिम आतून पोकळ असते. टेप कुठेही उचलला गेला, अगदी व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूला, तरी हवा त्या फटीतून रिमच्या पोकळीत शिरते आणि मग जिथे वाट मिळेल तिथून बाहेर येते: व्हॉल्व्हच्या भोकातून, स्पोक रिमला जोडणाऱ्या निपलांपाशी किंवा रिमच्या सांध्यातून. आता साबणाचं पाणी सगळ्या निपलांवर आणि सांध्यावर लावा. तिथेही बुडबुडे आले तर दोष बहुतेक टेपचाच. हवा सोडून चाक कानाजवळ हलवूनही बघा. रिमच्या आत पाणी डचमळल्यासारखं वाटलं तर सीलंट टेपखाली गेलंय.

आणि रिमची आतली रुंदी किती, टेप किती रुंद?

चिखलमामा
ताई, एवढं करेपर्यंत ट्यूब दोनदा टाकून होईल. माझी सात वर्षं एकच ट्यूब आहे, बारा ठिगळं.

जुना_खेळिया
तुम्हा मुलांचं सगळं टेपवर चालतं म्हणून हे असं होतं. १९९९ साली माविक कंपनीने यूएसटी ही ट्यूबलेस पद्धत आणली तेव्हा त्या रिमच्या आतल्या पत्र्याला स्पोकची भोकंच नसत. टेप नाही, काही नाही. टायर चढवा, हवा भरा, खटाक. माझी तसली जोडी अजून आहे. वजन जास्त, कबूल, पण रात्रीत हवा उतरली असं एकदाही झालं नाही.

तिरकी_रिम
काका, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. भोकं नाहीत म्हणून टेप नाही, टेप नाही म्हणून ही गळती नाही. आपल्या बहुतेकांच्या रिमला भोकं आहेत.

चमकी_घाला
सीलंटमध्ये चमकी मिसळा, शुभेच्छापत्रावरची. भोक लवकर बुजतं. मी कायम घालते.

डोंगरउतार
चमकीने कोअर तुंबतो. आणि सीओटूच्या नळकांडीने हवा भरू नका, बऱ्याच लॅटेक्सवाल्या सीलंटचं त्याने लगेच रबर होतं.

टॉर्कसम्राट
काही होत नाही. मी दर वेळी सीओटूच वापरतो.

डोंगरउतार
मग टायर उघडून आतले गोळे बघा एकदा.

टॉर्कसम्राट
टायर उघडायची वेळच येत नाही माझ्यावर.

(इथे आठ-दहा प्रतिसाद सीओटूवर झाले. मग कुणीतरी दाब पीएसआयमध्ये मोजावा की बारमध्ये हा वाद काढला. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, एवढंच त्यातून हाती लागलं.)

नवशिका_पेडल
तिरकी_रिम ताई, बघितलं. चार निपलांपाशी बुडबुडे आहेत आणि सांध्यापाशीही! चाक हलवल्यावर आत डचमळतंय. रिम आतून ३० मिमी. टेप २५ मिमीचा आहे, आधीच्या सायकलच्या वेळचा उरलेला.

तिरकी_रिम
सापडलं मग. टेप आतल्या रुंदीपेक्षा दोन-चार मिलिमीटर जास्तच हवा, म्हणजे तो दोन्ही बाजूंना बीडच्या, टायरच्या जाड कडेच्या, खाली जातो आणि बीडच त्याला दाबून धरतं. २५ चा टेप ३० च्या रिममध्ये नुसता मध्ये पडून राहतो. कडा उघड्या. टायर चढवताना बीड त्याच कडेवरून घासत जातं आणि ती उचकटते.

३२-३३ चा रीळ आणा. तुमच्या बजेटात बसतो. जुना टेप आणि सुकलेलं लॅटेक्स सगळं खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. टेप ताणून ओढत लावा आणि दुसऱ्या हाताने फडक्याने दाबत चला. मधल्या खोलगट भागात हवेचा फुगा राहिला तर काम फुकट. टोकं दहा-पंधरा सेंटिमीटर एकमेकांवर येऊ द्या. व्हॉल्व्हचं भोक ब्लेडने फुलीसारखं कापू नका, ती चीर पुढे पळते. खिळा तापवून भोसका, कडा वितळून गोल होते. मग ट्यूब घालून ३० पीएसआयवर रात्रभर ठेवा, टेप दाबून बसेल.

चिखलमामा
बघा! शेवटी ट्यूब आलीच.

व्हॉल्व्हवाला
तरी माझं म्हणणं व्हॉल्व्हही बदलाच. पकडीने आवळलात ना नट? रबर चेपलं असणार.

तिरकी_रिम
हे मात्र खरं. नट हाताने आवळायचा असतो. ट्रेलवर ट्यूब घालायची वेळ आली आणि हा नट बोटांनी सुटला नाही तर काय कराल? तिथे पक्कड कुठून आणणार?

नाव_नको
माझं वेगळंच होतं. टेप, व्हॉल्व्ह सगळं ठीक, पण टायरच्या बाजूंना घाम फुटल्यासारखं सीलंट यायचं. पातळ साइडवॉलच्या नव्या टायरला होतं असं. हवा भरून चाक बादलीच्या काठावर आडवं ठेवलं, अर्ध्या तासाने उलटलं, पुन्हा तेच. दोन दिवसांत थांबलं. तुमचा प्रश्न हा नाही, पण कुणाला उपयोग झाला तर.

डोंगरउतार
वर ताईंनी सांगितलंय तेच सांगतो, रुंद टेप घ्या. सीलंट ओतत बसू नका. २९ च्या या मापाला १०० ते १२० मिली पुष्कळ होतं, तुम्ही १४० घालून बसलात.

जुना_खेळिया
रुंद टेप. आणि थर एकच.

नवशिका_पेडल
सगळ्यांचे आभार. आता शिव्या घाला. रुंद टेप रविवारच्या आत मिळत नव्हता, आणि २५ चा अर्धा रीळ घरातच पडून होता. मग दोन थर दिले, एक डाव्या कडेला चिकटवून, दुसरा उजव्या. मधले वीस मिलिमीटर दोन्ही थर, कडा दोन्हीकडून झाकलेल्या. पुसणं, ताणणं, तापवलेला खिळा, रात्रभर ट्यूब, हे सगळं ताईंनी सांगितलं तस्सं केलं. जुना टेप काढल्यावर व्हॉल्व्हच्या अगदी समोर, एका स्पोकच्या भोकावर, कड दुमडलेली सापडली. हवा शिरत होती तिथून, आणि मी महिनाभर व्हॉल्व्हला शिव्या देत होतो.

जुना_खेळिया
दोन थर! मधला खड्डा भरून जातो हो. बीडला खाली उतरायला जागाच राहत नाही. टायर चढवताना रडाल.

नवशिका_पेडल
रडलो. शेवटची वीतभर कड चढता चढेना, एक टायर लिव्हर मोडला. पण बसल्यावर २४ भरले, सकाळी २३.

तिरकी_रिम
चालेल, पण पुढच्या वेळी टायर बदलताना एकाच रुंद थराचा टेप लावा. आणि रविवारी ट्यूब जवळ ठेवा. मोठी चीर पडली तर सीलंट काही करू शकत नाही, चीर ठासून बुजवायचा प्लग नसेल तर ट्यूबच कामाला येते. ट्यूब घालण्याआधी टायर आतून चाचपून बघा, पूर्वी सीलंटने बुजवलेले काटे आतच रुतलेले असतात.

नवशिका_पेडल
रविवारचा वृत्तांत: चाकाला काही झालं नाही. चेन तुटली. त्याचा धागा वेगळा काढतो.

चिखलमामा
ट्यूब नेली होती का?

नवशिका_पेडल
नेली होती मामा. टॉर्कसम्राट दादांना दिली.

नवा_सदस्य_४१
सेम प्रॉब्लेम, पण पुढच्या चाकाला. व्हॉल्व्हपाशी बुडबुडे येतात. वरचं सगळं वाचलं नाही, नवा व्हॉल्व्ह मागवलाय. बरोबर ना?