मदत हवी आहे: मशेरी सुटत नाही, तोंडाच्या कर्करोगापासून आहाराने बचाव होईल का?

माणदेशी:
सासूबाईंचं वय ६१. दिवसातून पाच-सहा वेळा मशेरी लावतात, पहिली उठल्या उठल्या. तंबाखू घरीच तव्यावर भाजतात. खालच्या पुढच्या दातांजवळची हिरडी पांढरट झाली आहे, दुखत नाही. वर कवळी आहे. मधुमेह, रक्तदाब नाही. कर्करोग होऊ नये म्हणून रोज हळद-तुळस आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या द्यायचं घरात ठरतंय. नेमका काय आहार द्यावा? मशेरी एकदम बंद करावी की हळूहळू?

रानभाजी:
गोळ्या आणू नका. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या हजारो पुरुषांना बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या देऊन पाहिल्या होत्या. १९९४ साली निष्कर्ष आले तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, १८ टक्के जास्त निघाला. गाजरातून मिळणारं आणि गोळीतून जाणारं बीटा-कॅरोटीन शरीरात सारखं वागेलच असं नाही. हळद भाजीत असते तेवढी पुरे, तुळशीचाही त्रास नाही, पण तंबाखूवर उतारा म्हणून दोन्हींचा उपयोग नाही.

आहाराचं माप सोपं आहे: दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं, त्यात बटाटा-रताळं धरायचं नाही. दोन्ही जेवणांत मोठी वाटीभर भाजी, एकदा काकडी-गाजराची कोशिंबीर आणि एक पेरू, एवढ्यात ते बसतं. कवळीमुळे कच्चं चावत नसेल तर गाजर किसून द्या, पेरू पिकलेला घ्या, मेथी-शेपू बारीक चिरून मुगाच्या डाळीत शिजवा. हा आहार चांगलाच, पण मशेरी चालू असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका.

दंतमूळ:
मशेरी म्हणजे तंबाखूच. भाजल्याने ती सौम्य होते हा गैरसमज घरोघरी आहे. तंबाखूतली कर्करोगजन्य द्रव्यं राहतातच, वर जळण्यातून बेंझोपायरीनसारखी नवी तयार होतात. भाजतानाचा धूर घरातल्या लेकरांच्याही नाकात जातो. तेव्हा पहिलं काम हे: नवा घाणा भाजायचा नाही.

एकदम की हळूहळू, दोन्ही चालतं. मात्र तारीख न ठरवता 'कमी करते' म्हटलं की महिन्याभरात आकडा परत पाचावर येतो. दोन आठवड्यांनंतरची तारीख धरा. तोवर दुपारच्या आणि कामाच्या मधल्या वेळा एकेक करून गाळा, सकाळची शेवटी. तलफ साधारण पाच मिनिटं टिकते. तेवढ्यात चूळ भरणं, बडीशेप चघळणं, उठून चार पावलं चालणं. सुपारी मात्र नको, तंबाखूविना नुसती सुपारीही कर्करोगजन्य ठरलेली आहे. तपकीर दाताला लावणं हाही पर्याय नव्हे.

पहिली मशेरी उठल्याबरोबर लागते म्हणजे निकोटिनची सवय खोल आहे. कवळीला निकोटिनचा च्युइंग गम चिकटतो, म्हणून लोझेंज (तोंडात विरघळणारी निकोटिनची गोळी) किंवा त्वचेवर लावायची निकोटिनची पट्टी डॉक्टरांना विचारून घ्या. लोझेंज चावायची वा गिळायची नसते, गालात इकडून तिकडे फिरवत विरघळू द्यायची. चावली की निकोटिन पोटात जातं, उचकी आणि जळजळ होते, तलफ मात्र तशीच राहते. ती घेण्याआधी १५ मिनिटं आणि तोंडात असताना चहा नको.

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ ही मोफत आहे.

माणदेशी:
अडचण दोन ठिकाणी येते. मशेरीशिवाय पोट साफ होत नाही म्हणतात, आणि बंद केली की दात ठणकतात.

रानभाजी:
पोटाचं म्हणणं खरं आहे. निकोटिन आतड्यांना चालना देतं, त्यामुळे बंद केल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतं. तारखेच्या आठवडाभर आधीच तयारी करा: रात्री एक चमचा इसबगोल पूर्ण पेलाभर पाण्यातून आणि सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी. इसबगोल कमी पाण्यात घेतला तर उलट घट्ट होतं. इतर औषधं चालू असतील तर त्यात आणि इसबगोलात दोन तासांचं अंतर ठेवा.

दंतमूळ:
ठणका मशेरीने झाकला जातो, कीड तशीच राहते. सोडण्याच्या तारखेआधी दंतवैद्याकडून दात पाहून घ्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी हात पुन्हा डबीकडे जाणार. पहिले तीन-चार दिवस चिडचिड आणि झोपमोड जास्त असते, दोन ते चार आठवड्यांत ओसरते. एखादा दिवस चुकला तर तारीख रद्द करू नका, दुसऱ्या दिवशी पुढे चालू.

पण याहून निकडीचा आहे तो पांढरा भाग. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीच्या बदलांत बहुतेकदा दुखतच नाही. कवळी काढून, उजेडात ओठ खाली ओढून बघा. ओल्या कापडाने पुसून निघत नाही, लालसर ठिपके आहेत, कडक लागतं किंवा दोन आठवड्यांहून जुनी जखम आहे, यांतलं काहीही असेल तर याच आठवड्यात दाखवा. तोंडात तीन बोटं उभी मावतात का तेही पाहा. ३० वर्षांवरच्यांची तोंडाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तिथून जिल्हा रुग्णालयात किंवा दंत महाविद्यालयात पाठवतील.

तुकडा काढून तपासायला सांगितलं तर घरात 'सुरी लागली की पसरतो' असं कुणीतरी म्हणेलच. ते खोटं आहे. जागा बधिर करून छोटा तुकडा घेतात, त्याच दिवशी घरी सोडतात. अहवाल येईपर्यंत त्या जागी मशेरीचं बोट लागू देऊ नका.