म्युनिकमध्ये ऑक्टोबरपासून खोली हवी आहे, दोन पर्याय आहेत पण धीर होत नाहीये

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची. ऑक्टोबरपासून म्युनिकला एलएमयू विद्यापीठात फिजिक्सचं मास्टर्स सुरू होतंय. (तिथल्याच टीयूएम या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून आपल्यासारख्या युरोपीय संघाबाहेरच्यांना फी लावली, म्हणून तो नाद सोडला.) व्हिसा आला, सप्टेंबरअखेरचं तिकीट काढलं, खोलीचा मात्र पत्ता नाही.

व्हिसासाठी लागणाऱ्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (पैसे दरमहा ठरावीकच काढता येतात) नियमाप्रमाणे ११,९०४ युरो भरलेत, म्हणजे महिन्याला हातात ९९२. त्यातच विमा, खाणं, प्रवास. भाडं ६०० च्या वर गेलं तर भागणार नाही, आणि बाबांकडे आणखी मागायची माझी तयारी नाही. वसतिगृहाचा अर्ज केलाय, तिथे प्रतीक्षायादी. वेगे-गेझुख्ट या खोल्या शोधायच्या साइटवर चाळीसेक मेसेज टाकले. तीन उत्तरं आली, तिन्ही 'खोली बघायला ये' अशी. सांगलीहून कशी जाऊ?

आता दोन पर्याय आहेत. एक, श्वाबिंगमध्ये २८ चौरस मीटरचा फ्लॅट, सगळं धरून ५२०. फोटो बघून आई म्हणाली, आपल्या हॉलपेक्षा छान आहे. मालक सध्या स्कॉटलंडला असतो, दोन महिन्यांचं डिपॉझिट आलं की किल्ली कुरियरने पाठवतो म्हणतो. दुसरा, मोझाखला एका भारतीय मुलाने घेतलेल्या फ्लॅटमधली एक खोली, ५८०. तो साधा, सरळ वाटतो, पण म्हणाला, "अनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) मिळणार नाही, बाकी काही प्रॉब्लेम नाही."

बाबा म्हणतात, पहिला घेऊन टाक, निदान उतरल्यावर डोक्यावर छप्पर असेल. काय करू?

गार्चिंगकर:
पहिल्याला एक पैसाही पाठवू नकोस. मालक परदेशात, किल्ली कुरियरने, पैसे आधी: ही फसवणूक इथे इतकी जुनी आहे की तिला आता पेन्शन सुरू व्हायला हवी. श्वाबिंगमध्ये अख्खा फ्लॅट ५२० ला मिळत असता तर मी रोज यू-६ मेट्रोने शहराबाहेरच्या गार्चिंगहून ये-जा केली असती का? शहरात नुसत्या एका खोलीला आठशेच्या आसपास मोजावे लागतात. ते फोटो गुगलवर उलटे शोधून बघ, कुठल्या तरी हॉटेलचे निघतील. आणि त्याने पासपोर्टची प्रत मागितली असेल तर ती देऊ नकोस. दिली असशील तर इथे सांग.

इसारकाठची:
अगं, दुसऱ्याबद्दल बोलूया, कारण तिथे तू फसशील ते गोडीगुलाबीने.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, तीच अनमेल्डुंग. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचं पत्र लागतं आणि ते देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. नोंदणी नसेल तर टॅक्स नंबर येत नाही, आणि पुढे रेसिडेन्स परमिटला पत्ता लागतोच. हा मुलगा 'मिळणार नाही' म्हणतो याचा अर्थ बहुधा एवढाच की पोटभाडेकरू ठेवायला त्याने मूळ मालकाची परवानगी घेतलेली नाही. उद्या मालकाला कळलं तर त्याच्याबरोबर तूही रस्त्यावर.

त्याला सरळ विचार: मालकाची लेखी परवानगी आणशील का? आणली तर नोंदणीचं ते पत्र तो स्वतःच सही करून देऊ शकतो. मग ५८० वाईट नाही. फक्त हे काल्टमीटे (नुसतं भाडं) की वार्ममीटे, म्हणजे हीटिंग-पाण्यासकट का, ते विचार. डिपॉझिट काल्टमीटेच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि कायद्याने तीन हप्त्यांत देता येतं. रेडिओ-टीव्हीचा कर घरामागे एकच असतो, १८.३६ युरो महिना, तो वाटून घ्या. आणि टपालपेटीवर तुझं नाव लावून घे, नाहीतर सरकारी पत्रं परत जातात. मी यात दोन महिने घालवले.

गार्चिंगकर:
जोडीला चर्चच्या वसतिगृहांनाही अर्ज कर. त्यांचे अर्ज वेगळे असतात, आणि आपले लोक तिकडे फिरकत नाहीत.

जर्मन थोडं येत असेल तर 'वोनेन फ्युअर हिल्फे' बघ. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या घरात खोली. भाड्याऐवजी काम: खोली जितके चौरस मीटर, तितके तास महिन्याला. बाजारहाट, बाग, कुत्र्याला फिरवणं. शुश्रूषा यात येत नाही. वीज-पाण्याचे तेवढे वेगळे द्यायचे. माझ्या लॅबमधली एक मुलगी असं राहिली. आजीबाई रात्री दहानंतर फ्लश करू देत नसत, पण तिचं जर्मन आमच्या सगळ्यांच्या पुढे गेलं.

इसारकाठची:
फ्लशचं खोटं वाटेल, पण खरं आहे!
आणि हो, सप्टेंबरअखेर उतरतेस तेव्हा ऑक्टोबरफेस्ट चालू असतो. हॉस्टेलच्या साध्या बंकचेही दर तेव्हा आकाशाला भिडतात. 'आल्यावर बघू' म्हणू नकोस. तासाभरावर आउग्सबुर्ग किंवा लांड्सहूटला तात्पुरतं काही मिळतंय का बघ. पुण्यातल्या कॉट बेसिसची सवय असेल तर सुखात राहशील.

धागाकर्ती:
ताई, दादा, खूप आभार. स्कॉटलंडवाल्याला म्हटलं, माझी ओळखीची व्यक्ती म्युनिकला आहे, ती फ्लॅट बघून जाईल. कालपासून उत्तर नाही. फोटो शोधले, लिस्बनचे निघाले. बाबांना दाखवले. ते काही बोलले नाहीत, पेपर वाचत बसले.

पासपोर्ट दिला नव्हता. जर्मन ए-२ पर्यंत झालंय, वोनेन फ्युअर हिल्फेला मेल टाकलाय.

मोझाखच्या मुलाने मालकाला विचारतो म्हणून सांगितलंय, शनिवारपर्यंत कळेल. तो हो म्हणाला तर तुमच्यापैकी कुणी पंधरा मिनिटं जाऊन खोली बघून येईल का? एस-बान स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर आहे असं तो म्हणतो. तेही खरं का ते बघायचंय.