पळताना हार्ट रेट १५०, सायकलवर १३५ च्या वर जातच नाही, असं का?

तळजाईकर:
मंडळी, एक शंका. तळजाईच्या टेकडीवर गप्पा मारत आरामात पळतो तेव्हा हार्ट रेट १५० च्या आसपास असतो, आणि सायकलवर मांड्या भरून आल्या तरी १३५ च्या वर सरकत नाही. वय ४१, झोन (ठोक्यांनुसार व्यायामाच्या जोराचे टप्पे) दोन्हीला एकच लावलेत, कमाल हार्ट रेट २२० वजा वय धरून. सायकलवर अजून जोर लावायला हवा का?

घाटवेडी:
अहो काही नको, असंच असतं. पळताना अख्खं वजन दर पावलाला उचलायचं, हात खांदे पाठ सगळे कामाला लागलेले, सायकलवर वजन सीटवर आणि राबतात त्या मुख्यतः मांड्या, म्हणजे रक्त मागणारे स्नायूच कमी, वर वारा लागतो तो वेगळा. ५-१० ठोक्यांचा फरक बऱ्याच जणांना असतो, सायकलिंगची सवय नवीन असेल तर जास्तही, कारण दम लागायच्या आधीच मांड्या हात टेकतात.

चेन_उतरली:
सरासरी बघताय का? मग उतार, सिग्नल, चहाचा थांबा सगळं त्यात आलं. बोपदेव घाट चढताना सलग आकडा बघा आणि मग बोला :) मनगटावरचं घड्याळ असेल तर हँडलच्या थरथरीने आणि वाकलेल्या मनगटाने ते कमीही दाखवतं, उलट पळताना कधी कधी ठोके सोडून पावलांचा तालच मोजत बसतं. छातीचा पट्टा घ्या सरळ.

तळजाईकर:
पट्टाच आहे, आणि १३५ सलग चढावरचाच आहे.

घाटवेडी:
मग झोनच चुकलेत. २२० वजा ४१ म्हणजे १७९, त्याचे ८४ टक्के झाले १५०, एवढ्यावर कोण गप्पा मारतं? तुमचा मॅक्स हार्ट रेट १७९ हून बराच वर असणार, ते सूत्र सरासरीचं आहे, माणसागणिक १०-१२ ठोके सहज इकडे तिकडे. नीट वॉर्मअप करून ३० मिनिटं एकट्याने पूर्ण ताकदीने जा, शेवटच्या २० मिनिटांची ठोक्यांची सरासरी हा तुमचा थ्रेशोल्ड, म्हणजे जोर लावून बराच वेळ टिकता येईल ती मर्यादा धरा, आणि झोन त्यावरून लावा. पळण्याची टेस्ट वेगळी, सायकलची वेगळी, आणि एकाच दिवशी नको. बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्यांनी ठोके मुळातच दबलेले असतात.

तळजाईकर:
गोळी नाही. सायकलची टेस्ट घरी ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) केली तर चालेल? रस्त्यावर ३० मिनिटं सलग मिळणं अवघड आहे.

चेन_उतरली:
चालेल, पण समोर मोठा पंखा लावा, नाहीतर गरमीने ताकद तीच राहून ठोके चढत जातात आणि झोन परत गंडतील.