मदत हवी आहे: साखळी कथेच्या ग्रुपला लिखाणाचे नियम कसे लावायचे?

नमस्कार मंडळी. 2021च्या डिसेंबरात नाशकात 94वं साहित्य संमेलन झालं ना, तिथे पुस्तकांच्या स्टॉलवर ओळख झालेल्या आम्ही पाच-सहा जणांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, साखळी कथेचा, म्हणजे एकाने भाग लिहायचा आणि पुढच्याने तिथून ओढत न्यायचा. आता 19 जण झालोत, ॲडमिन मी, त्यामुळे सगळ्यांचे रुसवेफुगवे पण माझ्याचकडे.

सध्या गंगेच्या (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) पुराची कथा चालूय. सहाव्या भागात एका ताईंनी पाणी दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली उंच मूर्ती, पूर किती आला ते तिच्यावरूनच बघतात) छातीपर्यंत आणून सोडलं, भारी लिहिलेलं, आणि सातवावाल्या पोराने त्याच दुपारी हिरो-हिरॉइनला तिथेच नदीत असलेल्या रामकुंडावर भेळ खायला नेलं!! अरे मारुतीच्या छातीला पाणी म्हणजे रामकुंड दिसतंय तरी का, सराफ बाजारातले लोक माल हलवायला लागलेले असतात तोवर. विचारलं तर म्हणे मागचा भाग मोठा होता, वाचला नाही.

मग मी वैतागून नियम टाकला की शुद्धलेखन तपासल्याशिवाय भाग टाकायचा नाही, आणि वर साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या 18 नियमांची पीडीएफ पण टाकली. इथेच माती खाल्ली. त्या भेळवाल्या पोराचं शुद्धलेखन एकदम चोख, 'निसर्गाने रौद्र रूप धारण केले होते, सर्वत्र हाहाकार माजला होता', काढा चूक. डोळ्यासमोर मात्र काहीच येत नाही. आणि आमचे एक काका आहेत, प्रेसमधून रिटायर झालेले, ते 'पाणि' आणि 'आणी' असंच लिहितात, पण त्यांच्या भागात म्हातारी कमरेएवढ्या पाण्यात डोक्यावर पितळी डबा धरून उभीय आणि वर गच्चीवरून हात देणाऱ्याला म्हणते, "डाळ नाय बाबा यात, घराचे कागद हायेत, आधी ते घे, मग मला." असं आमच्यात दुसरं कोणालाच जमत नाही, मला तर नाहीच नाही. पीडीएफ टाकल्यापासून तीन आठवडे झाले, काका गप्प.

आता माझ्या डोक्यात असं आहे की ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या कोणीतरी शेवटी बघायचं, लिहिणाऱ्याला त्याचा ताप नको, आणि प्रत्येकाने आपल्या भागाच्या वर दोन ओळी टाकायच्या, कोण कुठे आहे, वेळ काय, पाणी कुठवर आलंय. त्या दोन ओळी लिहायच्या तर मागचं वाचावंच लागेल. शब्दमर्यादा ठेवावी का? आणि 'हा भाग परत लिही' हे 19 जणांसमोर सांगायचं की पर्सनलवर? पर्सनलवर सांगितलं की स्क्रीनशॉट फिरतात, हा अनुभव आहे.

कोणी असा ग्रुप चालवला असेल तर प्लीज सांगा. आणि काकांना परत लिहितं कसं करू? पीडीएफ मी डिलीट फॉर एव्हरीवन केली, पण त्यांनी आधीच प्रिंट काढून आणलीय म्हणे.